दोषी, निर्दोष आणि पीडित : कायद्याचा तराजू कोणाकडे झुकावा?

मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रा. जी. एन. साईबाबा व इतर आरोपींना निर्दोष सोडल्याची बातमी त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात होती. आमच्या बँकेच्या काउंटरवर श्रावणबाळ योजनेचे पैसे काढण्यासाठी एक वृद्ध गृहस्थ आले होते. टेबलावरच्या पेपरातील फोटो पाहून त्यांनी विचारले, "काय लिवलं हाये बाबू?" मी बातमी वाचून दाखवली. त्या आरोपींपैकी आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील एक आदिवासी तरुण निकालापूर्वीच मरण पावला होता, हेही सांगितले. विड्रॉलच्या कागदावर अंगठा उमटवून ते म्हणाले, "मेलेला मानूसही निर्दोष सुटला म्हनते. मंग त्याले सांगाले कोन जाईन?"

मागे रांग होती. मी पैसे मोजून दिले व पुढच्या ग्राहकाचे पासबुक घेतले. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही. स्मरणिकेसाठी लेख देण्याविषयी मंडळाकडून सूचना आली तेव्हा याच प्रश्नावर लिहावे असे ठरविले. मी वकील नाही, कला शाखेचा पदवीधर व बँकेतील एक साधा कारकून आहे. तथापि कायदा हा केवळ वकिलांचा विषय नव्हे. आपल्या जंगलभागात तो रात्री-अपरात्री कोणाच्याही दारात येऊन उभा राहतो.

तीन शब्द, तीन अर्थ

प्रथम आपण तीन शब्द नीट समजून घेऊ. दोषी, निर्दोष आणि पीडित.

फौजदारी न्यायालयासमोर मुख्य प्रश्न एकच असतो : या आरोपीने हा गुन्हा केला, हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाले काय? उत्तर होय असेल तर तो दोषी, नाही असेल तर तो निर्दोष. आमच्या बँकेत एखाद्या रकमेचा मेळ लागला नाही तर ती तात्पुरती उचंत खात्यात, म्हणजे आम्ही ज्याला सस्पेन्स म्हणतो त्यात टाकतात. फौजदारी कायद्यात असे उचंत खाते नाही. संशय शिल्लक राहिला तर त्याचा फायदा आरोपीला द्यावाच लागतो, आणि तसा तो दिला गेलाही पाहिजे. अन्यथा पोलिसांनी बोट दाखविलेला प्रत्येक मनुष्य आयुष्यभर अर्धा गुन्हेगार म्हणून जगेल.

पण यातून आपण समाजात एक चुकीचा अर्थ काढतो. आरोपी सुटला म्हणजे तक्रार करणारा खोटा, आणि आरोपीला शिक्षा झाली म्हणजे पीडिताला न्याय मिळाला, असे आपण धरून चालतो. वास्तविक पीडित कोण, हा निराळा प्रश्न आहे. ज्याला इजा झाली तो पीडित. ती इजा निकालाच्या आधी झालेली असते आणि निकालानंतरही राहते. एवढेच नव्हे तर कधी कधी स्वतः आरोपीच कायद्याचा पीडित होतो. याची दोन उदाहरणे आपल्याच जंगलात घडली आहेत.

देसाईगंजचे ठाणे, १९७२

पहिले उदाहरण देसाईगंजचे. आपण ज्याला वडसा म्हणतो ते गाव. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, परंतु गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्यापूर्वी तो सर्व भाग चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे.

तेथे एक आदिवासी मुलगी होती. आईवडील वारलेले, भावाबरोबर राहून मजुरी करणारी. डॉक्टरी तपासणीत तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान असावे असा अंदाज निघाला. तिचे एका तरुणाशी लग्न करण्याचे ठरत होते. ते भावाला मान्य नसल्याने बहिणीला पळवून नेल्याची तक्रार त्याने केली. २६ मार्च १९७२ च्या रात्री सर्वांना पोलीस ठाण्यात बोलावून जबाब घेण्यात आले. रात्री साडेदहाच्या सुमारास सर्व मंडळी निघाली, तेव्हा एका शिपायाने मुलीला मागे थांबविले. ठाण्याचे दार बंद झाले, दिवा मालवला गेला. बाहेर तिची माणसे उभी होती. बाहेर आल्यावर तिने आपल्यावर बलात्कार झाल्याचे सांगितले. दुसऱ्या पोलिसाने विनयभंग केल्याचाही आरोप होता.

खटला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयात चालला. १ जून १९७४ रोजी दोन्ही पोलीस सुटले. मुलगी खोटे बोलणारी आहे, तिला पूर्वीपासून शरीरसंबंधांची सवय होती, असे त्या निकालात म्हटले गेले. नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवून एकाला पाच वर्षे व दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा उच्च न्यायालयाचा मुद्दा होता. परंतु १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याची खूण नाही, ही कारणे त्यात महत्त्वाची ठरली.

आता प्रश्न असा की, रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, गणवेशातल्या माणसापुढे एका मजूर मुलीने प्रतिकार कसा करावयाचा? तिच्या अंगावर जखम नव्हती म्हणून तिची संमती होती, असा हिशेब मांडला गेला. पोलीस आरोपी असूनही उलटतपासणी जणू तिच्याच आयुष्याची झाली.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतील फरक न्यायालयाने का पाहिला नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्यानंतर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली संसदेने कायदा बदलला. पोलीस किंवा अन्य सरकारी माणसाने आपल्या ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार हा अधिक गंभीर गुन्हा ठरला व त्याला किमान दहा वर्षे शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, हे पुरावा कायद्याचे कलम ११४-अ त्याच वेळी आले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. तक्रारदार स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिला खोटी पाडण्याची मुभा देणारे कलमही पुढे २००३ च्या सुरुवातीपर्यंत पुस्तकातून गेले.

हा खटला कायद्याच्या पुस्तकांत त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. पण पीडितेचे नाव छापण्यास बंदी करणारे कलमही १९८३ च्या त्याच बदलातून आले. तिच्यामुळे पुढच्या स्त्रियांना जी आब मिळाली ती तिलाही मिळावी, म्हणून मी येथे तिचे नाव लिहिलेले नाही.

नव्या कायद्याचा तिला स्वतःला मात्र काहीच उपयोग झाला नाही. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २० प्रमाणे, आज केलेल्या फौजदारी कायद्याने कालच्या कृत्याबद्दल शिक्षा देता येत नाही, आणि एकाच गुन्ह्यासाठी माणसावर दुसऱ्यांदा खटला चालवता येत नाही. हा नियम न्याय्य आहे, आपल्या सर्वांच्या रक्षणाचा आहे. तरीही त्याची किंमत त्या मुलीने मोजली, हे विसरता येत नाही.

नागपूरचे कारागृह, २०२२

दुसरे उदाहरण त्या वृद्ध गृहस्थाने विचारलेल्या तरुणाचे. ऑगस्ट २०१३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात त्याला बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्याच खटल्यात मे २०१४ मध्ये दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक साईबाबा यांना अटक झाली. ते चाकाच्या खुर्चीवर बसणारे, नव्वद टक्के अपंग गृहस्थ. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, याखाली गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी सहापैकी पाच जणांना जन्मठेप व एकाला दहा वर्षे शिक्षा दिली.

नागपूर कारागृहात शिक्षा भोगत असतानाच २५ ऑगस्ट २०२२ रोजी हा तरुण आजाराने मरण पावला. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच १४ ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. कारण, खटला चालविण्यास कायद्याने जी मंजुरी लागते ती रीतसर नव्हती. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली व १९ एप्रिल २०२३ रोजी प्रकरण नव्याने ऐकण्यासाठी परत पाठविले. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने पूर्ण पुरावा तपासून पुन्हा सर्वांना निर्दोष ठरविले. मंजुरी सदोष होती, जप्ती विश्वासार्ह नव्हती, असे न्यायालयाला आढळले. पंचनाम्यासाठी निरक्षर पंच घेतल्याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. साईबाबा सुटले, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

२०२२ च्या निकालावर अनेकांनी टीका केली की, हे लोक 'तांत्रिक मुद्द्यावर' सुटले. माझ्या व्यवसायातील एक दाखला देतो. मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. दुसरी सही करणाऱ्याने कागद स्वतः तपासावा, अशी अपेक्षा असते. ती सही नसेल तर ग्राहक कितीही प्रामाणिक असो, पैसे दिले जात नाहीत. याला कोणी तांत्रिक मुद्दा म्हणत नाही. पैशाच्या बाबतीत जर इतकी दक्षता लागते, तर माणसाला जन्मभर कोठडीत टाकताना ती किती लागावी? यूएपीएसारखा कठोर कायदा लावताना पोलिसांव्यतिरिक्त आणखी कोणी तरी शांतपणे कागद पाहावेत, म्हणून मंजुरीची अट आहे. ती अट हाच आरोपीचा आधार होय.

दोन गृहीतके

येथे सुज्ञ वाचक एक शंका काढतील. देसाईगंजच्या मुलीसाठी कायदा तिच्या बाजूने झुकवला ते आपण योग्य म्हणतो. मग राष्ट्राच्या सुरक्षेसाठी कायदा सरकारच्या बाजूने झुकला तर त्यात वावगे काय?

शंका रास्त आहे. यूएपीएमध्ये २००८ साली असे कलम आले की, पोलिसांची कागदपत्रे पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर न्यायालयाने जामीन देऊ नये. खटल्याला वर्षे लागतात. म्हणजे माणूस शेवटी निर्दोष ठरला तरी शिक्षा त्याने आधीच भोगलेली असते. याच्या आधीचा टाडा कायदा आपल्या भागातील जुन्या लोकांना आठवत असेल. त्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाबही पुरावा धरला जात असे. गडचिरोलीच्या जंगलातील आदिवासींवरही तो लावला गेला. मे १९९५ मध्ये त्याची मुदत संपली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खटला फारच रेंगाळला तर यूएपीएच्या आरोपीलाही जामीन देता येतो. तेवढी एक फट उघडी आहे.

आता दोन्ही गृहीतके शेजारी ठेवून पाहा. ठाण्यातील मुलगी आणि कारागृहातील तरुण, एक तक्रारदार व एक आरोपी. कायद्याच्या भाषेत ते समोरासमोरच्या दोन टोकांना उभे आहेत. पण प्रत्यक्षात दोघे एकाच जागी होते : सरकारच्या ताब्यात, आणि दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात. १९८३ चा बदल किल्ली ज्याच्या हाती आहे त्यालाच जाब विचारतो, म्हणून तो न्याय्य आहे. शिवाय तो फक्त संमतीपुरता आहे आणि आरोपीला तो खोडून काढण्याची संधी आहे. यूएपीएचे कलम मात्र किल्ली ज्याच्या हाती आहे त्याच्याच कागदावर विश्वास ठेवते. माझ्या मते फरक येथे आहे. आरोपी की तक्रारदार, एवढे पाहून तराजू झुकवू नये. दुबळा कोण आणि बळ कोणाच्या हाती, हे पाहून झुकवावा.

बळ नेहमी सरकारचेच असते असेही नाही. ते गावाचे असते, जातीचे असते. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आठ जण दोषी ठरले. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी दिली, ती १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाने पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. परंतु दोन्ही न्यायालयांत अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. म्हणजे खून सिद्ध झाला, पण त्यामागची जात कागदावर आली नाही. आरोपी दोषी ठरूनही पीडिताचे दुःख अर्धेच नोंदले गेले. पुढे याच कायद्यात दुरुस्ती होऊन २६ जानेवारी २०१६ पासून असे आले की, आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने धरावे. हे गृहीतकही दुबळ्याच्याच बाजूचे आहे.

ज्यांचा खटलाच झाला नाही

आणखी एक वर्ग आहे, ज्यांचे नाव कोणत्याही निकालपत्रात येत नाही. आपल्या जंगलात 'खबऱ्या' ठरवून नक्षलवाद्यांनी कितीतरी गावकऱ्यांना मारले. त्यांना वकील मिळाला नाही, अपील मिळाले नाही. आरोप, निकाल आणि शिक्षा एकाच रात्रीत झाली. स्वतःला गरिबांचे कैवारी म्हणविणाऱ्यांच्या त्या 'न्यायात' संशयाचा फायदा नावाची वस्तूच नव्हती. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेडा येथील स्फोटात १५ पोलीस व वाहनाचा चालक मारले गेले. त्यांतही गरीब घरचीच मुले होती. त्यांच्या आया पीडित नाहीत काय?

दुसरीकडे चकमकीत मेलेला प्रत्येक मनुष्य नक्षलवादीच होता, हे केवळ पोलिसांच्या पत्रकावरून ठरू नये. म्हणूनच महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी नियम घालून दिले : चकमकीतील मृत्यूचा गुन्हा नोंदवावा, स्वतंत्र तपास व्हावा, दंडाधिकाऱ्याकडून चौकशी व्हावी. पोलिसांच्या मृत्यूबद्दल हळहळणे आणि चकमकीची चौकशी मागणे यात विरोध नाही. दोन्हींचे मूळ एकच आहे : कोणाचाही जीव विनाचौकशी जाऊ नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. बंदुका खाली आल्या याचा आनंदच आहे. शरण येणाऱ्यांसाठी राज्यात २००५ पासून योजना आहे, त्यांना पैसा व पुनर्वसन मिळते. माणूस सुधारू शकतो, यावर आपला विश्वास असला पाहिजे. पण ज्याचा बाप खबऱ्या म्हणून मारला गेला तो मुलगा हे सारे पाहत असतो. नक्षल हिंसेतील नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्राची मदत योजना आहे, आणि गुन्ह्यातील पीडितांसाठी भरपाईची तरतूद २००९ अखेरपासून फौजदारी प्रक्रियेत आहे. मात्र त्याच्या बापाविषयी 'हा मनुष्य निरपराध होता' असे एक वाक्य कोणत्याही सरकारी कागदावर येत नाही. त्या घराला पैशाइतकीच त्या वाक्याचीही गरज आहे.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, हे सर्व वाचून कायद्यावरचा विश्वास उडावा असा माझा हेतू नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या संविधानात अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा, अटकेचे कारण कळण्याचा व आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क अनुच्छेद २२ मध्ये आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. तक्रार नोंदविणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. हे आपल्याला ठाऊक असते, पण आपल्या गावच्या शेवटच्या घराला ठाऊक नसते. ते सांगण्याचे काम शिकलेल्या मुलांनी करावे.

दुसरे, आपल्या बोलण्यात थोडी दक्षता असावी. अटक झाली की 'नक्षलवादी', तक्रार केली की 'बदनाम बाई', पोलिसांशी बोलला की 'खबऱ्या', ही नावे न्यायालयाच्या कितीतरी आधी चहाच्या टपरीवर दिली जातात. निकालाने ती पुसली जात नाहीत.

तिसरे आणि शेवटचे. पंचनाम्यासाठी पोलीस ज्याला बोलावतात तो पंच पुष्कळदा आपल्यापैकीच एखादा मजूर असतो. त्याच्या अंगठ्यावर कोणाची तरी दहा-दहा वर्षे अवलंबून असतात. बँकेत अंगठा देणाऱ्या ग्राहकाला कागदावरचा मजकूर वाचून दाखवावा, असा नियम आहे. गर्दीच्या दिवशी तो नियम जड वाटतो, मीही कधी घाई केली असेल. त्या दिवसापासून मात्र मी तो मजकूर मोठ्याने वाचतो. तुम्हीही आपल्या गावात एवढे सांगा : कोणताही कागद कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, जे पाहिले नाही त्याला 'पाहिले' म्हणू नका, आणि मगच अंगठा द्या.

त्या वृद्ध गृहस्थाच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. मेलेल्याला निकाल कोणी सांगू शकत नाही. जो अजून जिवंत आहे त्याचा कागद मात्र आपण वाचू शकतो.